सुटलं म्हणजे नेमकं काय सुटलं? तंबाखूमुक्तीचं संशोधन, गोंदियातून वाचताना



पत्रिकेत आजचा विषय 'धूम्रपान सोडण्यासाठी वैद्यकीय संशोधन' असा छापला आहे. त्यातला 'धूम्रपान' हा शब्दच आम्हाला अडचणीचा वाटतो, आणि आजचं सगळं बोलणं त्या अडचणीभोवतीच फिरणार आहे, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही काही जण नियमानं एकत्र बसून हे संशोधन वाचतो. कुणी शिक्षक आहे, कुणी औषधाच्या दुकानात आहे, कुणी आरोग्य खात्यात नोकरी केलेली आहे. गोंदिया जिल्ह्यात बसून हे निबंध वाचले की दर वेळी वाद एकाच ठिकाणी येऊन थांबतो. हे शास्त्रज्ञ 'इतक्या टक्के लोकांचं सुटलं' असं लिहितात, तेव्हा नेमकं काय सुटलं? बिडी सुटली? तंबाखू सुटली? की तपासणीच्या दिवशी यंत्रात फुंकलं तेव्हा आकडा खाली आला, एवढंच?

आधी आपलं राज्य बघू. 'ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हे'ची दुसरी फेरी २०१६-१७ साली झाली. तिच्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असं निघालं. त्यात ओढणारे किती? ३.८ टक्के. आणि खाणारे, चघळणारे, दाताला घासणारे? २४.४ टक्के. बायकांचा आकडा तर डोळ्यांत भरतो. तंबाखू घेणाऱ्या १७ टक्के, त्यात ओढणाऱ्या फक्त १.४.

आता एक साधी वजाबाकी करा. ३.८ आणि २४.४ मिळून २८.२ होतात, पण एकूण २६.६ आहे. मधले १.६ टक्के लोक दोन्ही यादीत आहेत, म्हणजे ओढतातही आणि खातातही. ३.८मधले १.६ म्हणजे ओढणाऱ्या दर पाच जणांतले दोघं. हे राज्याचं चित्र झालं. आपल्या झाडीपट्टीत, जिथं चौकाचौकात पन्नीवर खर्रा घोटला जातो, तिथं ते हलकं असेल असं मानायला आम्हाला तरी काही कारण दिसत नाही.

खर्रा काय असतो ते इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. पण हे भाषण पुण्या-मुंबईकडचेही ऐकतात, त्यांच्यासाठी सांगतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेऊन हातानं घोटतात आणि पुडी बांधून देतात. पुडी एकदम संपत नाही. चिमूट तोंडात, उरलेली खिशात, असं चालू राहतं. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, सुगंधित तंबाखूवरही पुढं बंदी आली, पण खर्रा कारखान्यात बनत नाही, टपरीवर बनतो. शिवाय छत्तीसगडची हद्द लागून आहे, म्हणून गुडाखू आहे. नस घासणाऱ्या बायका आहेत. यातलं काहीच धुराचं नाही.

आणि बिडी? बिडी तर आपल्या जिल्ह्याच्या कुंडलीत आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण बिडीचा धंदा त्याच्या किती तरी आधीचा. जंगलात तेंदू, हाताशी रेल्वे, आणि गुजरातमधून मध्य प्रांतात आलेली व्यापारी घराणी, असा तो मेळ जमला. पानं इथली, तंबाखू गुजरातहून नि निपाणीकडून, आणि वळणारे हात बहुतेक बायकांचे. तेंदूच्या हंगामात सत्तर पानांचा पुडा बांधून फडीवर न्यायचा, हे इथल्या किती तरी घरांचं उन्हाळ्याचं उत्पन्न आहे. तेव्हा ज्या गावात बिडी सोडवायची त्याच गावात ती वळली जाते, हे ध्यानात ठेवून पुढं जाऊ. संशोधनाच्या निबंधांत हा मुद्दा येत नाही, आणि त्याचा परिणाम कुठं होतो ते पुढं येईलच.

आता संशोधनाकडे.

धूम्रपान सोडवण्याच्या आधुनिक संशोधनात एक नाव वारंवार येतं, लंडनचे मायकेल रसेल. १९७९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक निबंध छापला. लंडनमधले २८ फॅमिली डॉक्टर आणि त्यांच्याकडे आलेले २,१३८ धूम्रपान करणारे रुग्ण. काहींना काहीच सांगितलं नाही, काहींना फक्त प्रश्नावली दिली, काहींना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत 'सोडा' एवढं सांगितलं, आणि काहींना त्याशिवाय पत्रक दिलं नि 'आम्ही पुन्हा विचारणार आहोत' असं बजावलं. वर्षभर सोडून राहिलेले अनुक्रमे ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ टक्के निघाले.

पाच टक्के! असं म्हणून कुणी हसेल. पण डॉक्टरकडे दिवसाला किती रुग्ण येतात, याचा हिशेब लावा. औषध नाही, खर्च नाही, दोन मिनिटं. आम्हाला हा निबंध आजही आवडतो. तो मोठ्या बाता मारत नाही, आणि 'पुन्हा विचारणार आहोत' या साध्या वाक्याला वजन देतो. आपल्याकडं लोक म्हणतात ना, विचारणारं कुणी असलं की माणूस सुधारतो.

याच रसेल यांच्या नावानं पुढं २००५ साली रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी एक मापदंड मांडला, 'रसेल स्टँडर्ड'. त्याच्या मुख्य अटी अशा: किमान सहा महिने सोडलेलं असावं, त्या काळात एकूण पाचापेक्षा जास्त सिगारेटी झालेल्या नसाव्यात, नुसत्या सांगण्यावर भरवसा ठेवू नये, शरीराची तपासणी करावी, आणि जो पुन्हा सापडलाच नाही तो ओढतोच आहे असं धरावं. शेवटची अट कठोर वाटते. आपल्याकडचा मजूर धान कापून झालं की नागपूरला नाही तर हैदराबादला कामाला जातो. तो सापडला नाही म्हणजे त्यानं बिडी पुन्हा धरली असं थोडंच आहे? तरीही आमच्या मते ही अट योग्य आहे. ती काढली तर प्रत्येक संस्था आपल्याला सापडलेल्या चार शहाण्या माणसांवरून यशाचे बोर्ड लावील. आकडा थोडा कमी आला तर चालेल, फुगलेला नको.

आमची तक्रार वेगळीच आहे. हा मापदंड सिगारेटच्या देशात घडला. तिथं बिडी नाही, खर्रा नाही. सिगारेट सुटली म्हणजे निकोटिन सुटलं, असं साधारण धरता येत होतं. म्हणून तपासणीही धुराची निवडली: श्वासातला कार्बन मोनॉक्साइड. नळीत फुंका, आकडा ठरावीक रेषेच्या खाली आला की सुटलं. हे यंत्र स्वस्त आहे, सोपं आहे, पण त्याला खर्रा दिसत नाही. बिडी सोडून खर्रा धरलेला माणूस त्या यंत्रात फुंकेल आणि उत्तम गुणांनी पास होईल. "बिडी तं कवाचीच सोडली जी, आता निस्ता खर्रा," असं वाक्य इथं ऐकलं नाही असा आरोग्यसेवक विरळा. संशोधनाच्या तक्त्यात तो माणूस 'यशस्वी' या रकान्यात जातो. तोंडाच्या कर्करोगाच्या दृष्टीनं तो कुठं जातो, हे डॉक्टर मंडळींना विचारा.

धुराच्या यंत्राची दुसरी अडचण चुलीची. लाकडाच्या चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या श्वासातही कार्बन मोनॉक्साइड वाढलेला मिळू शकतो. म्हणजे बिडी न ओढणारी बाई नापास आणि खर्रा खाणारा गडी पास. लंडनच्या दवाखान्यात हा प्रश्न येत नव्हता, त्यामुळं दोष कुणाला द्यावा असं नाही. पण यंत्र इकडं आणलं तर प्रश्नही इकडचे विचारायला हवेत.

आता औषधांचे प्रयोग घेऊ, कारण लोकांची उत्सुकता तिथं असते. 'गोळी आहे का हो एखादी?' हा पहिला प्रश्न. आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४मध्ये प्रौढांसाठी तंबाखू सोडवण्याची पहिली उपचार-मार्गदर्शिका काढली. त्यात निकोटिनच्या च्युइंगगम-पट्ट्या, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन यांची शिफारस आहे. भारताच्या २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही निकोटिन-पर्यायी उपचार आला.

यातलं सायटिसिन घ्या. एका झाडापासून मिळणारं, पूर्व युरोपात दशकानुदशकं वापरातलं, स्वस्त औषध. त्याचा प्रयोग पोलंडमध्ये वॉर्सा इथं झाला आणि २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. ७४० जण. वर्षभरानं सुटलेले: औषधवाले ८.४ टक्के, खोट्या गोळीवाले २.४ टक्के. बातमी देणारा लिहील, 'साडेतीन पट यश'. तेही खरं आहे. आणि शंभरातल्या ९१-९२ जणांची सिगारेट औषध घेऊनही सुटली नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं एका ओळीत लिहिली तरच वाचकाला कळतं. आम्ही तरी अशी बातमी क्वचितच वाचली.

हेच औषध पुढं आपल्या शेजारी आलं. बांगलादेश आणि पाकिस्तानात टीबीचे उपचार घेणाऱ्या, ओढणाऱ्या २,४७२ रुग्णांवर ते वापरून पाहिलं गेलं. २०२० साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी सुटलेले: सायटिसिनवाले ३२.४ टक्के, खोट्या गोळीवाले २९.७ टक्के. फरक इतका थोडा की योगायोगही असू शकतो. औषधाचा फायदा सिद्ध झाला नाही, असं लेखकांनी सरळ लिहिलं.

आता हे दोन प्रयोग शेजारी ठेवा. वॉर्सात खरी गोळी घेऊन ८.४ टक्के. ढाका-लाहोरकडं खोटी गोळी घेऊन जवळजवळ ३० टक्के! मग गोळीचं काय झालं? आमच्या वाचनात हे सगळ्यात शिकवणारं ठिकाण आहे. टीबीच्या रुग्णाला खोकला असतो, भीती असते, महिन्यामागून महिने केंद्रात जावं लागतं, तिथं कुणी तरी दर वेळी विचारतं. या प्रयोगात सर्वांनाच थोडा सल्ला मिळत होता. हे सगळं मिळून इतकं काम करतं की गोळीला भर घालायला जागाच उरत नाही.

याला आधीचाही आधार आहे. २०१३ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये पाकिस्तानचा एक प्रयोग छापला गेला, टीबीचा संशय असलेल्या १,९५५ ओढणाऱ्यांवरचा. नुसत्या नेहमीच्या तपासणीवाल्यांत ८.५ टक्क्यांचं सुटलं, समुपदेशनाच्या दोन बैठका मिळालेल्यांत ४१ टक्के, आणि समुपदेशनासोबत ब्युप्रोपिऑन दिलेल्यांत ४५.४ टक्के. केंद्राकेंद्रांत फरक मात्र फार होता. काही ठिकाणी भरघोस यश, काही ठिकाणी काहीच नाही. म्हणजे सल्ला कोण देतो, कसा देतो, यावर बरंच अवलंबून.

इथं आमचे दोन आक्षेप. पहिला आपण पाहिलाच: दोन्ही ठिकाणी खात्री करायला श्वासातला कार्बन मोनॉक्साइड वापरला. त्यात धूर दिसतो, तोंडातली तंबाखू दिसत नाही. भारतीय उपखंडात, जिथं पान-जर्दा, नसवार, खैनी घरोघर आहे, तिथं हा मोठा डोळेझाक भाग आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. मुख्य मोजमाप सहा महिन्यांवर, आणि टीबीचा नेहमीचा औषधांचा कोर्सही सहा महिन्यांचा. आजारपणात पथ्य पाळणं वेगळं, आणि बरं वाटल्यावर रोवणीच्या दिवसांत बांधीवर चार जण ओढत बसलेले असताना न ओढणं वेगळं. ती परीक्षा या आकड्यात आलेलीच नाही.

आता आमच्या मते सगळ्यात प्रामाणिक प्रयोग सांगतो, आणि त्याचा आकडा सगळ्यात लहान आहे. दिल्लीच्या गरीब वस्त्यांत बी. के. सरकार, रॉबर्ट वेस्ट, मोनिका अरोरा आणि सहकाऱ्यांनी केलेला. २०१७ साली 'थोरॅक्स'मध्ये आला. वस्त्यांचे ३२ गट पाडले, तंबाखू घेणारे १,२१३ लोक घेतले. निम्म्यांना एका मिनिटाचा सल्ला. निम्म्यांना पंधरा मिनिटांचं बोलणं आणि श्वसनाचा, प्राणायामासारखा एक व्यायाम शिकवणं. एकच बैठक, पुन्हा भेट नाही. सहा महिने सोडून राहिलेले: एकीकडे २.६ टक्के, दुसरीकडे ०.५ टक्के. माणसं मोजली तर साधारण सोळा विरुद्ध तीन.

आकडा वाचून आमच्यातल्या एकानं निबंध बाजूलाच ठेवला होता. पण बघा, यांनी 'सुटलं' कशाला म्हटलं? सगळी तंबाखू सुटली तर. सिगारेट, बिडी, खैनी, सगळी. आणि खात्री श्वासातून केली नाही, लाळेतल्या कोटिनिनवरून केली. कोटिनिन म्हणजे निकोटिन शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं ते. तंबाखू धुरातून गेली काय नि गालातून गेली काय, लाळेत ती पकडली जाते. पाकिस्तानचा ४१ आणि दिल्लीचा २.६ हे आकडे म्हणून एका तराजूत घालताच येत नाहीत. एकीकडे खोकल्यानं घाबरलेला माणूस केंद्रात चालत आला होता आणि त्याच्या फक्त धुराची झडती झाली. दुसरीकडे धडधाकट माणसाला त्याच्या वस्तीत जाऊन गाठलं, एकदाच भेटलं, आणि सगळ्या खिशांची झडती घेतली. गोंदियाला उपयोगाची मोजपट्टी दुसरी आहे, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

याही प्रयोगात खोट आहे. एका गटाला पंधरा मिनिटं आणि प्राणायाम, दुसऱ्याला एक मिनिट. मग फरक कशानं पडला? श्वासानं की जास्तीच्या चौदा मिनिटांनी? या रचनेतून ते कळूच शकत नाही. वर्तमानपत्रांना अर्थातच प्राणायाम जास्त आवडतो. आम्हाला संशय त्या चौदा मिनिटांचा आहे, पण तो संशयच. आणि सोळा विरुद्ध तीन ही माणसं इतकी थोडी की पुढचा प्रयोग वेगळं काही दाखवू शकतो.

तरी हिशेब करा. दर हजार जणांमागं वीस-एकवीस जास्तीचे लोक, पूर्ण तंबाखूमुक्त, एका बैठकीत. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये दाखवलं होतं की भारतात बिडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी घटतं आणि बिडी ओढणाऱ्या बाईचं आठ वर्षांनी. त्यापुढं हा लहान आकडा लहान राहत नाही.

खाण्याच्या तंबाखूसाठी औषधांचं काय? दिल्लीच्या एम्समध्ये व्हॅरेनिक्लिनचा प्रयोग झाला, २०१४ साली छापला गेला. २३७ जण, सगळे धूरविरहित तंबाखूवाले. उपचाराच्या शेवटी 'सोडली' असं स्वतः सांगणारे: औषधवाले ४३ टक्के, खोट्या गोळीवाले ३१. तपासणी केल्यावर? २५.२ आणि १९.५, आणि हा फरक ठोस धरण्याइतका नव्हता. म्हणजे सांगणं आणि तपासणी यांत इतकं अंतर. रुग्ण मुद्दाम खोटं बोलतो असं नाही. डॉक्टर एवढे झटताहेत, त्यांना वाईट वाटू नये, हीसुद्धा एक भावना असते. पण याचा अर्थ असा की नुसतं विचारून गावं 'तंबाखूमुक्त' जाहीर करण्याचे जे कार्यक्रम होतात, फलक लागतात, फोटो निघतात, त्यांच्याकडं जरा सावधपणानंच बघावं.

मग आम्ही म्हणतो तशी कोटिनिन तपासणी गोंदियात सरसकट लावायची का? इथंच मघाचा बिडी वळण्याचा मुद्दा येतो. दिवसभर सुपात जर्दा घेऊन बिड्या वळणाऱ्या बाईच्या शरीरात तंबाखू हाताच्या कातडीतून आणि धुळीतून जाते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिडी उद्योगातल्या कामगारांवर जे काम केलं, त्यातून हे पुढं आलं. आता समजा तिनं गुडाखू खरंच सोडला. तिची लघवी किंवा लाळ तपासली तर कोटिनिन सापडेल आणि ती नापास होईल. तिनं व्यसन सोडलं आहे, पण धंदा तिला सोडत नाही. दिल्लीच्या वस्तीतली चांगली मोजपट्टी भंडारा-गोंदियात अशी अडते. उपाय अवघड नाही: वळणाऱ्या घरांची नोंद वेगळी ठेवा, तपासणीची रेषा त्यांच्यासाठी वेगळी ठरवा. पण त्यासाठी संशोधकाला आधी विचारावं लागेल, 'बाई, तुम्ही काम काय करता?'

प्रश्नावलीचंही तेच. जगभर वापरतात ती फॅगरस्ट्रॉम यांची चाचणी, १९९१ची. सहा प्रश्न. त्यातला एक, दिवसाला किती सिगारेटी? दहापर्यंत शून्य गुण, मग वीस, तीस, असे वाढत जातात. बिडीला हे कसं लावायचं? बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा थोडी, पण २००१ साली अमेरिकेत केलेल्या एका तपासणीत तिच्या ग्रॅमभर तंबाखूत सुमारे २१ मिलिग्रॅम निकोटिन निघालं, फिल्टर सिगारेटीत १६. शिवाय बिडी विझते, पुन्हा पेटवावी लागते, ओढ जास्त घ्यावी लागते. आणि खर्ऱ्याचं काय मोजायचं? पुड्या? चिमट्या? एक पुडी दोघांत वाटली तर? धूरविरहित तंबाखूसाठी केलेली आवृत्ती आहे, पण ती आठवड्याला किती डबे असं विचारते, कारण ती अमेरिकन डबीतल्या तंबाखूवर बेतली आहे. या चाचणीतला एक प्रश्न मात्र कुठंही टिकतो: सकाळी उठल्यावर पहिली किती वेळानं? बाकी पाच गोंदियात नव्यानं लिहावे लागतील.

आपल्याकडं या विषयाची जुनी आणि चांगली परंपरा आहे, ती आपणच विसरलो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागात फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांनी काम केलं. १९७२ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासल्याचा अहवाल छापला. पुढं केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या एकेका जिल्ह्यात ३६ हजार तंबाखू घेणाऱ्यांना सोडण्याचा सल्ला देत, दरवर्षी त्यांची तोंडं बघत अभ्यास केला. तो १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ओढणारे, चघळणारे, सगळे त्यात होते. निकष होता तोंडातला पांढरा चट्टा: सल्ल्यानंतर नवे चट्टे कमी झाले का? झाले. तुलना त्याच भागात आधीच्या काळात पाहिलेल्या लोकांशी होती, एकाच वेळच्या दोन गटांची नव्हती, ही त्याची कमजोरी. पण प्रश्न किती नेमका! माणूस यंत्रात काय फुंकतो यापेक्षा त्याच्या गालात काय उगवतं, हे त्यांनी पाहिलं. आजचे संशोधक हे निबंध प्रस्तावनेत एका ओळीत उल्लेखतात आणि पुढं पोलंडला जातात.

शेजारच्या गडचिरोलीत २०१६पासून 'मुक्तिपथ' चालू आहे, 'सर्च' आणि शासनाच्या सहभागानं, डॉ. अभय बंग यांच्या कल्पनेतून. तिथं एकेका माणसाऐवजी गावाला हात घातला आहे: गावसभा, विक्री बंद, दवाखाने, सगळं एकत्र. खर्ऱ्याला त्यांनी पहिल्या दिवसापासून मोजलं, हे आम्हाला त्याचं मोठं बळ वाटतं. टीकाकार म्हणून मात्र एक विचारावंच लागेल. सगळं एकदम केलं की कशानं फरक पडला ते वेगळं काढता येत नाही. दिल्लीच्या प्राणायामासारखंच. गोंदियात असं काही सुरू झालं तर गावांची सुरुवात आगेमागे ठेवून तुलना करता येईल. अर्धी तालुक्यातली गावं यंदा, अर्धी पुढच्या वर्षी. असंही सगळीकडे एकदम पोचायला माणसं कुठं आहेत?

आणि किंमत. तंबाखू महागली की कमी घेतली जाते, हे या सगळ्या संशोधनातलं सगळ्यात पक्कं विधान आहे, गोळ्यांपेक्षाही पक्कं. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी परिषदेनं बिडीवरचा दर २८वरून १८ टक्क्यांवर आणि तेंदूपानावरचा १८वरून ५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. वळणाऱ्या बायकांसाठी, असं त्याचं समर्थन केलं जातं. त्या बायकांच्या हातात त्यातलं किती पडतं हा वेगळा हिशेब आहे, तो आपल्या जिल्ह्यात मांडता येईल आणि मांडायला हवा. पण एकीकडे टीबी केंद्रातला कर्मचारी चौदा मिनिटं जास्त बोलणार आणि दुसरीकडे बंडल स्वस्त होणार, हे संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शेवटी तरी लिहावं. औषधाचा परिणाम दोन टक्क्यांवर मोजणारे लोक करावर एक वाक्य लिहीत नाहीत, हे आम्हाला खटकतं.

वेळ संपत आली, तेव्हा आमची मागणी थोडक्यात. आपल्याकडं २०१६पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कुंवर तिलकसिंह रुग्णालय आहे, आठही तालुक्यांत प्राथमिक केंद्रं नि आशाताई आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी तंबाखूवर प्रबंध घ्यायचा तर 'धूम्रपान' हा शब्द शीर्षकातून काढावा. सहा महिन्यांवर थांबू नये, पुढची रोवणी आणि पुढचा तेंदू हंगाम ओलांडू द्यावा. लाळ तपासावी, पण बिडी वळणाऱ्या घरांची नोंद वेगळी ठेवावी. बिडीवरून खर्ऱ्यावर गेलेल्यांचा रकाना वेगळा करावा, त्यांना 'यशस्वी'त घालू नये नि 'अयशस्वी'तही गाडू नये. ते किती आहेत हे कळणं हेच मोठं काम आहे. आणि फॅगरस्ट्रॉमच्या जागी पहिला प्रश्न इथल्या बोलीत असावा: "सकाळी उठल्यावर तोंडात पयले काय जाते, अन् किती वेळानं?"

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कुणाचा तरी हात केव्हाचा वर आहे.